स्टोअरमधल्या वस्तू गायब होताहेत. नोंद कशी करू, चौकशी कुठून सुरू करू?

गोदामकर | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मेंटेनन्स स्टोअर बघतो. नटबोल्टपासून केबलच्या ड्रमपर्यंत सगळं. हाताखाली दोन स्टोअरकीपर आणि एक मदतनीस. गेल्या आठवड्यात सहामाही मोजणी झाली आणि चार ठिकाणी आकडा जुळेना. डिजिटल व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) तीन कमी. कॉर्डलेस ड्रिल मशीन एक नाहीच. ड्रिल बिट पुस्तकात १३० आणि मोजणीच्या कागदावर १०. कंट्रोल केबलची बिनकार्डावर (मालाजवळ ठेवलेल्या आवक-जावकीच्या कार्डावर) शिल्लक १८० मीटर, ड्रमवर भरली ९६. म्हणजे ८४ मीटर केबलला पाय फुटले.

साहेबांचं म्हणणं सरळ आहे. उद्या सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करू, गेटवर बॅगा उलट्या करू आणि सांगू की कुणी घेतलंय ते बोला, नाहीतर सगळ्यांच्या पगारातून कापतो. आणि एव्हाना सगळ्यांची बोटं मदतनिसाकडे वळलीत. कारण काय, तर तो नवीन आहे आणि झाडायला शेवटी तोच थांबतो.

मी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतलेत. आजवर अशा वेळी आम्ही 'तूट' म्हणून एक ओळ खरडायचो आणि पुढे जायचो. या वेळी नीट करायचंय. कागदावर काय लिहू? आधी काय करू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

शून्यप्रहर | सोमवार, रात्री ११:०५

साहेब बरोबर बोलतायत. एकाला धरून घरी पाठवा, बाकीचे आपोआप सरळ होतात. आमच्याकडे असंच केलं होतं, वर्षभर एक स्क्रू हलला नाही.

तिरपी रेघ | सोमवार, रात्री ११:३२

गोदामकर, दोन दिवस मागून घेतलेत हे फार चांगलं केलंत. मी बारा-तेरा वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली, त्यातली निम्मी अशाच 'गायब' प्रकरणांत. सुचेल तसं लिहिते.

आज रात्रीच एक करा, बाकी सगळं उद्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग राखून ठेवायला सांगा. लेखी. रेकॉर्डरची डिस्क भरली की तो सर्वांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवत जातो. बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवड्यांचंच मागचं मिळतं. तुम्ही विचार करत बसाल तेवढ्यात पुरावा पुसला जाईल, आणि तोही कुणी न पुसता.

दुसरं, 'चोरी' हा शब्द वहीतून तूर्त काढून टाका. लिहायचं 'आढळत नाही'. हा शब्दच्छल नाही. 'चोरी' म्हटलं की वस्तू होती, कुणीतरी नेली, परवानगीशिवाय नेली आणि परत न देण्याच्या हेतूने नेली, इतकं सगळं एका शब्दात म्हणून झालं. तुमच्या हातात आज यातलं फक्त एक आहे, आणि तेही अर्धं: पुस्तकात आहे, मांडणीवर नाही. मी एक अहवाल पाहिलाय ज्याची पहिलीच ओळ 'दि. अमुक रोजी चोरी झाली' अशी होती. पुढची अकरा पानं त्या ओळीला टेकू देण्यात गेली. वस्तू शेवटी वर्कशॉपच्या कपाटात निघाली.

प्रत्येक वस्तूसाठी वेगळा कागद करा. चारही एका कागदावर कोंबू नका, कारण कोंबलं की आपसूक एकच चोर दिसायला लागतो. त्यावर वस्तूचं पूर्ण वर्णन, मेक, सिरियल नंबर, मालमत्ता क्रमांक, खरेदीचं बिल, असेल तर फोटो. मग दोन टोकं. एक टोक म्हणजे ती वस्तू शेवटची खात्रीने कधी दिसली, कुणी पाहिली, कशावरून. दुसरं टोक म्हणजे ती नाही हे पहिल्यांदा खात्रीने कधी कळलं. 'खात्रीने'वर जोर आहे. 'मागच्या महिन्यात असावी बहुतेक' हे टोक नव्हे. इश्यू स्लिप (वस्तू दिल्याची चिठ्ठी), गेटपास, सही असलेली मोजणी, तारीख असलेला फोटो, ही टोकं. मधला काळ जितका आवळता येईल तितकी माणसं यादीतून गळतात. तुमचा मदतनीस नवीन आहे म्हणता ना? मग व्हर्नियर तो लागायच्या आधीपासून नसतील तर?

नोंदीत तीन प्रकार वेगळे ठेवा: मी पाहिलं, मला अमक्याने सांगितलं, मला वाटतं. तिसऱ्या प्रकाराला वेगळं पान द्या आणि ते पान कुणालाही दाखवू नका. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही-तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरी शाई लावलेली वही मी पुरावा म्हणून कधीच घेतली नाही.

आणि पगारकपातीची धमकी नको. कायदा जागोजागी वेगळा आहे, पण सगळ्यांच्या पगारातून सरसकट कापणं बहुतेक ठिकाणी अंगाशी येतं.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ७:५०

शून्यप्रहर, 'एकाला धरून घरी पाठवा' असं तुम्ही ज्याला म्हणता, तो एक मी होतो. म्हणून लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑफिसचं नाव राहू दे. ड्रॉवरमधली रोख कमी आली. त्या दिवशी ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे होती हे खरं. दुपारी मला आत बोलावलं. टेबलाच्या पलीकडे तिघं, अलीकडे मी एकटा. माझ्यामागचं दार बंद. पहिलाच प्रश्न, "पैसे कुठे ठेवलेस?" घेतलेस का, असंसुद्धा नाही. मी सांगायला लागलो की सकाळी मोजून घेतले तेव्हाही पाकीट फाटलेलं होतं, तर एकजण म्हणाला, "ते नंतर." ते नंतर कधी आलंच नाही. अडीच तास. पाणी मागायलाही लाज वाटत होती, कारण पाणी मागितलं की घाबरलाय असं म्हणतील. शेवटी मी म्हणालो, भरून देतो. भरून दिले. त्याचा अर्थ सगळ्यांनी कबुली असा घेतला.

सात महिन्यांनी बँकेच्या स्लिपांत सापडलं. आदल्या संध्याकाळी भरणा करताना तेवढी रक्कम जास्त गेली होती. रक्कम मला परत दिली, पाकिटातून, शिपायाच्या हाती. त्या तिघांपैकी कुणी एक ओळ लिहून दिली नाही. मी नोकरी तोवर सोडलेलीच होती. माझ्या बाकी सहकाऱ्यांना आजही विचारलंत तर निम्मे म्हणतील, 'हां, तो पैशांचं काहीतरी होतं ना त्याचं.'

चोर सोडून संन्याशाला फाशी आपण गमतीने म्हणतो. संन्याशाच्या बाजूने फार गंमत नसते.

शून्यप्रहर | मंगळवार, सकाळी ९:१५

तुमच्याबाबतीत वाईट झालं, मान्य. पण तिथे कागद गोंधळलेले होते. गोदामकरांकडे सगळं सिस्टीमवर आहे ना? सिस्टीम खोटं बोलत नाही. कमी दिसतंय म्हणजे गेलंय.

पटाशी | मंगळवार, सकाळी ९:४०

गोदामकरबुवा, एक बारकासा प्रश्न. तुमचे ड्रिल बिट १३ च्या सेटमध्ये येतात का?

गोदामकर | मंगळवार, सकाळी १०:०२

हो… थांबा.

१० सेट गुणिले १३. १३०. मोजणाऱ्याने खोकी मोजलीत आणि पुस्तक नग मोजतंय. अरे देवा. याच्यासाठी मी रात्रभर तळमळलो.

पटाशी | मंगळवार, सकाळी १०:३०

तळमळू नका, सगळ्यांचं होतं. तीस वर्षं स्टोअरमध्ये गेली माझी. तूट निघाली की मी माणसाकडे सर्वांत शेवटी बघायचो. आधी मोजमापाचं एकक: नग की सेट, मीटर की रोल, किलो की गोणी. मग एकाच वस्तूला दोन कोड पडलेत का. मग माल आलाय पण चढवलेला नाही, किंवा चढवलाय पण अजून आलेला नाही. मग इश्यू झालंय पण स्लिप टेबलावर टाचणीखाली पडलीय. मग दुरुस्तीला, कॅलिब्रेशनला (माप अचूक दाखवतंय का ते तपासायला), दुसऱ्या विभागाला उसनं गेलंय आणि गेटपासची परतीची बाजू कोरी आहे. हे सगळं चाळून झाल्यावर जे उरतं ते संशयास्पद. उरतं, नाही असं नाही. पण बरंच कमी उरतं.

मोजणी पुन्हा करा. या वेळी मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा सांगायचा नाही. आकडा माहीत असला की माणूस त्या आकड्यापर्यंत मोजतो आणि थांबतो. प्रामाणिक माणूससुद्धा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, तेवढा वेळ आवक-जावक बंद. जुळलं नाही तर तिसऱ्याने.

व्हर्नियरबद्दल माझा अंदाज: कॅलिब्रेशनची फाइल काढा.

आणि केबल. ८४ मीटर हा आकडा मला आवडलेला नाही. केबलच्या आवरणावर दर मीटरला छापील आकडा असतो, बघितलाय का कधी? बहुतेक कंट्रोल केबलवर असतो. ड्रमच्या मोकळ्या टोकावरचा आकडा वाचा आणि मला सांगा.

ओळखपत्र | मंगळवार, दुपारी १:२०

मी आयटी आणि सुरक्षा दोन्ही बघतो, तिरपी रेघ यांच्या सीसीटीव्हीच्या मुद्द्याला थोडी जोड.

रेकॉर्डरचं घड्याळ बघा. मोबाइल त्या स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही वेळा दिसतील असा एक फोटो काढा. आमच्याकडे एकदा रेकॉर्डर अकरा मिनिटं पुढे होता. त्या अकरा मिनिटांत एक शिफ्ट सुटते आणि दुसरी आत येते, म्हणजे चुकीच्या शिफ्टची तेवीस माणसं आम्ही संशयित धरून बसलो होतो. घड्याळ दुरुस्त करू नका! फरक लिहून ठेवा. दुरुस्त केलंत तर मागचं-पुढचं जुळणारच नाही.

चित्रण स्क्रीनवरून मोबाइलने शूट करून ठेवायचं नाही. रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपात काढून घ्या, मागचा-पुढचा अर्धा-पाऊण तास धरून. नेमकी तेवढीच तीन मिनिटं काढली की पुढे कुणीही विचारतं, आधी काय झालं ते का नाही दाखवलं? फाइल काढल्या काढल्या तिचा एसएचए-२५६ हॅश काढा. फाइलवरून ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ तयार होते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी पूर्ण वेगळी ओळ येते. ती ओळ कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मूळ प्रत कपाटात, बघायला दुसरी प्रत. कुणी कधी काढली, कुणाच्या ताब्यात दिली, परत कधी आली, हे सलग लिहा. ताब्याची साखळी मध्ये तुटली की पुरावा कितीही चांगला असो, समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

कार्ड-पंचिंगच्या नोंदींवर फार विसंबू नका. कार्ड आत गेलं एवढंच तिथून कळतं. ते कुणाच्या हातात होतं आणि त्याच्यामागून दार धरून आणखी कोण शिरलं, हे नाही कळत.

नवीन छुपा कॅमेरा लावायची हुक्की येईल. आधी कायदा विचारा. कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह हे तर विषयच नकोत.

तिरपी रेघ | मंगळवार, दुपारी ४:१०

शून्यप्रहर, 'सिस्टीम खोटं बोलत नाही' या वाक्यावर ब्रिटनमध्ये शेकडो आयुष्यं उद्ध्वस्त झाली. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आणली, फुजित्सूची. त्यात हिशेबात तूट दिसायची. उपपोस्टमास्तर सांगत राहिले की पैसे आम्ही घेतलेले नाहीत, प्रणालीतच घोळ आहे. मदतवाहिनीवर कित्येकांना उत्तर मिळालं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. कित्येकांनी घरदार विकून न घेतलेले पैसे भरले, काही तुरुंगात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रणालीत दोष होते असा निकाल दिला, २०२१ मध्ये एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द झाली आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी कायदाच करावा लागला.

यात मला सर्वांत जास्त टोचतं ते प्रणाली चुकली हे नाही. चुकतातच. तूट दाखवणारा, तपास करणारा आणि खटला भरणारा एकच होता, आणि त्याला आपली प्रणाली बरोबर आहे हे आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून गोदामकर, एक कडू सल्ला. ही चौकशी तुम्ही एकट्याने करू नका. स्टोअर तुमचंच आहे. संशयाच्या वर्तुळात तुम्हीही आहात. वाईट वाटून घेऊ नका, पण दुसऱ्या विभागातला एक माणूस जोडीला घ्याच.

गोदामकर | बुधवार, रात्री ९:१५

वाईट वाटलं, पण पटलं. क्वालिटी विभागातल्या एका बाईंना जोडीला घेतलंय. अत्यंत खवचट आहेत, कामाला उत्तम. साहेबांना ओळीत उभं करण्याचा बेत सोडायला लावला. अर्धविराम यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, "तुझ्या पद्धतीने कर" एवढंच.

व्हर्नियर: पटाशीकाका, तुम्ही ज्योतिषी आहात. दोन कॅलिब्रेशनला गेलेत, चार महिन्यांपूर्वी. चलन आहे, परतीच्या गेटपासची नोंद नाही. प्रयोगशाळेला फोन केला तर म्हणाले, तयार आहेत, तुमचा माणूस आलाच नाही न्यायला. तिसरा व्हर्नियर नव्हताच. 'डिजिटल व्हर्नियर' आणि 'व्हर्नियर कॅलिपर डिजि.' असे दोन कोड, सिरियल नंबर एकच.

ड्रिल मशीन: शेवटची स्लिप सात आठवड्यांपूर्वीची, त्यावर परत आल्याची सही आहे. त्यानंतर कुणी पाहिल्याचं खात्रीने सांगत नाही. सीसीटीव्ही अठरा दिवसांचंच. वरातीमागून घोडं.

केबलच्या आवरणावर खरंच आकडे आहेत, मी इतकी वर्षं पाहिलेच नव्हते. आमच्या ड्रमचे आकडे ० पासून सुरू होतात. मोकळ्या टोकावर ४०४. म्हणजे ५०० पैकी ९६ शिल्लक, मोजणी बरोबर. स्लिपा ३२० मीटरच्या. पुढे काय करू?

पटाशी | बुधवार, रात्री ९:५०

आता शिडी घ्या. त्या ड्रममधली केबल जिथे जिथे टाकलीय तिथे जा आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांचे आकडे लिहून आणा. स्लिपांच्या तारखेप्रमाणे मांडा. एका तुकड्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात जुळत गेली पाहिजे. जिथे जुळणार नाही तिथे तुमची ८४ मीटर.

निरू | गुरुवार, सकाळी ८:३५

एचआरमधली आहे, बोलण्याच्या भागाबद्दल लिहिते. कारण केबलचे आकडे आले की तुम्ही माणसांशी बोलायला जाणार.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या पन्नास जणांना चुराड्याऐवजी नुसतं 'धडकल्या' असं विचारलं. उरलेल्यांना वेगाबद्दल विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना प्रश्न केला, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. चुराडा शब्द ऐकलेल्यांपैकी १६ जण हो म्हणाले, धडकल्या ऐकलेल्यांपैकी ७. एका क्रियापदाने काच फुटली.

आता तुम्ही स्टोअरकीपरला विचारलंत, "मदतनीस केबल कापत होता तेव्हा तू कुठे होतास?", तर आठवड्याभरात त्याला मदतनीस केबल कापताना दिसायला लागेल. खोटं बोलत नसेल तो. म्हणून विचारायचं, "त्या दिवशी संध्याकाळी काय काय झालं, सुरुवातीपासून सांग." आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वांत अवघड जातं, विशेषतः साहेब लोकांना. प्रत्येकाशी वेगळं बोला, एकाचं दुसऱ्याला सांगू नका. आधी साक्षीदार, ज्याच्यावर संशय आहे तो शेवटी. त्याला विषय काय आहे ते आधी सांगा, सोबतीला कुणी हवं असेल तर येऊ द्या, दार अडवून बसू नका. म्हणाला ते लिहा, त्याच्याच शब्दांत, वाचायला द्या, दुरुस्ती करायची असेल तर करू द्या, मग सही. आणि त्याने जे सांगितलं ते तपासा. अर्धविराम यांनी फाटक्या पाकिटाचं सांगितलं होतं. ते कुणी तपासायला गेलंच नाही.

अवांतर: लोक बोलतात. अशा गैरव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या एसीएफई या संघटनेच्या २०२४ च्या जागतिक अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणाच्या तरी सांगण्यावरून उघडकीला आली होती, आणि निम्म्याहून जास्त वेळा सांगणारे कर्मचारीच होते. पण ओळीत उभं करणाऱ्या साहेबाला कुणी काही सांगत नाही.

मुखत्यार | गुरुवार, सकाळी ११:००

मध्येच विचारतो. ऑफिसात माझी स्वतःची वस्तू, हेडफोन, गेली तर? लॉकर होता, कुलूप नव्हतं.

निरू | गुरुवार, सकाळी ११:२५

नोंद तशीच: दोन टोकं, वर्णन, बिल. एचआरला लेखी कळवा, पोच घ्या. पोलिसांत जायचं की नाही हा तुमचा हक्क आहे, ऑफिसची परवानगी लागत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर 'ज्याने घेतलेत त्याने गुपचूप ठेवून द्या' असं टाकू नका, कुणाचं नाव तर अजिबात नको. नाव खोटं ठरलं तर बदनामीचा दावा तुमच्यावर येईल. हेडफोन राहतील बाजूला.

शून्यप्रहर | गुरुवार, दुपारी ३:४०

बरंय, ऐकतोय मी. पण मग बॅगा कधीच तपासायच्या नाहीत का?

तिरपी रेघ | गुरुवार, दुपारी ४:०५

तपासा की. नियम आधी लिहिलेला हवा, सगळ्यांना माहीत असलेला हवा, आणि साहेबांची बॅगही उघडली पाहिजे. चोरी उघडकीला आल्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त मदतनिसाची बॅग तपासणं याला तपासणी म्हणत नाहीत. तसंही ८४ मीटर केबल डब्याच्या पिशवीतून जात नसते.

विम्याचा दावा करणार असाल तर पॉलिसी आजच वाचा. कळवायची मुदत असते. आणि केवळ मोजणीत निघालेली तूट बऱ्याच पॉलिसींत धरतच नाहीत, घडलेल्या घटनेचा काहीतरी माग लागतो.

गोदामकर | पुढचा मंगळवार, रात्री १०:२०

उशीर झाला, पण शिडीवर होतो.

क्वालिटीच्या बाई खाली वही घेऊन, मी वर बॅटरी घेऊन. आठ ठिकाणं. केबल ट्रेमधल्या धुळीत आकडे दिसेनात, ओल्या फडक्याने पुसून वाचले. प्रत्येक टोकाचा फोटो. एका कामाचा तुकडा १२७ ते १६७, स्लिपेवर ४० मीटर, बरोबर. पुढच्या कामाचा तुकडा सुरू होतो २०९ ला. मधले ४२ मीटर कुठेच नाहीत. मग परत सगळं जुळत गेलं आणि ३३१ नंतर एकदम ३७१. आणखी ४० गायब. उरलेले दोन मीटर टोकं कापण्यात गेले असावेत.

म्हणजे केबल दोनदाच कापली गेली. आणि कधी, तेही आवळता आलं: पहिल्या खेपेच्या आधीची स्लिप आणि नंतरची स्लिप यांत तीन दिवस, दुसऱ्या खेपेत दोन. त्या दोन्ही वेळा मदतनीस रजेवर होता. हजेरीपटावर आहे.

आता माझ्यावर आलं. किल्ली-रजिस्टर काढलं. दोन्ही वेळा एकेका रात्री किल्ली दिल्याची नोंद नाही आणि परत आल्याची आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला आठवलं. रात्री घरी असताना ठेकेदाराच्या माणसासाठी गेटवर फोन करून मीच सांगितलं होतं की किल्ली द्या, सकाळी नोंद करतो. ती केली नाही. तसं मी माझ्या हस्ताक्षरात लिहून दिलंय, अहवालाला जोडलंय. वर्तुळात मीही आहे असं तिरपी रेघ यांनी म्हटलं होतं.

दुसऱ्या खेपेचं चित्रण अठरा दिवसांत बसत होतं, राखून ठेवलं होतं म्हणून मिळालं. ठेकेदाराची हातगाडी भंगाराची गोणी म्हणून बाहेर जाताना दिसते, वजनाची पावती नाही. गोणीत काय होतं ते दिसत नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरशी निरू यांनी सांगितलं तसंच बोललो. सुरुवातीपासून सांगा, म्हणालो आणि गप्प बसलो. फार वेळ. मग त्याने दुसऱ्या खेपेचं सांगितलं, सही केली. पहिल्या खेपेचं नाकबूल. अहवालात दोन वेगळे निष्कर्ष लिहिलेत: दुसरी खेप कोणी नेली ते सिद्ध, पहिली नोंद नसताना कापली गेली एवढंच सिद्ध. साहेब म्हणाले, एकच माणूस आहे हे उघड आहे, एकत्र कर. मी नाही केलं. पोलिसांत द्यायचं की वसुली, ते वकील बघताहेत.

मदतनिसाला सगळ्यांसमोर सांगितलं की त्याच्याबद्दल जे बोललं गेलं त्याला काहीही आधार नव्हता, आणि तसं पत्रही दिलं. अर्धविराम, पत्र तुमच्यामुळे. त्याने घडी घालून खिशात ठेवलं आणि झाडायला गेला.

ड्रिल मशीनचा कागद तसाच उघडा आहे. शेरा: आढळत नाही.

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:४४

पत्राबद्दल आभार.

पटाशी | मंगळवार, रात्री १०:५०

शाबास. ड्रिलचा चार्जर आहे का जागेवर?

गोदामकर | मंगळवार, रात्री १०:५३

आहे. मांडणीवरच.

पटाशी | मंगळवार, रात्री १०:५५

आणि बॅटऱ्या? दोन येतात त्याच्यासोबत. दोन्ही गेल्यात की एकच?

गोदामकर | मंगळवार, रात्री १०:५८

उद्या सकाळी बघून सांगतो.